काउकोच्या होडीतली बाई

आमच्या तळ्याकाठी मदत मागायची पद्धत नाही. मदत करायची मात्र आहे, आणि तीही एकाच रीतीने: "सहज इकडून चाललो होतो, म्हणून डोकावलो." घराला आग लागली तर शेजारी बादली घेऊन येईल, पण तोही सहजच चाललेला असेल, आणि ज्याचं घर जळतंय तो म्हणेल, आलाच आहेस तर कॉफी घे. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा मला वाटलं, ही माणसं घुमी आहेत. आता नातवंडं लग्नाला आली आणि मीही बरीचशी तशीच झाले. जीभ तेवढी माहेरची राहिली.

गेल्या वर्षीच्या शरदातली गोष्ट आधी सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझा नवरा ताइस्तो तळं गोठायच्या आत होडीची मोटर उतरवायला एकटाच धक्क्यावर गेला. जुनी मोटर बरी होती, काखोटीला मारून आणता यायची. पण निवृत्तीच्या वेळी याने नवी घेतली, मोठी, आणि ती घेतली म्हणून समोरच्या काउकोनेही तेवढीच मोठी घेतली. दोघांच्या अकला एकाच दुकानातल्या. तर ताइस्तोने मोटर मिठीत घेतली, वळला, आणि पाठ धरली. मोटर छातीवर घेऊन तो धक्क्यावर आडवा झाला आणि मी गावातून परत येईपर्यंत तसाच आभाळ बघत पडून राहिला. समोर, पाण्यापलीकडे, काउको लाकडं फोडत होता. कुऱ्हाडीचा घाव न् घाव इकडे ऐकू येत होता.

"अरे, मग हाक का नाही मारलीस त्याला?" मी विचारलं.

"तो कामात होता," ताइस्तो म्हणाला.

ही हकिगत आमच्या मुलीच्या, पाइवीच्या कानावर गेली आणि तिने यंदा उन्हाळा संपतानाच निकाल लावला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, कबरींवर मेणबत्त्या लावायच्या सणाला, ती आणि जावई येणार. तोवर मोटर पाण्याबाहेर, सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, पुढच्या खोलीत दिसली तर ठीक. नाही दिसली तर घर विकायचं आणि दोघांनी कुओपिओ शहरात तिच्या जवळ फ्लॅटमध्ये राहायला यायचं. फ्लॅट तिने बघूनही ठेवला होता. लिफ्ट आहे, म्हणाली, जसं काही आम्ही जन्मभर लिफ्टच्याच शोधात होतो.

मला हे घर सोडायचं नव्हतं. हे मी ताइस्तोला बोलले नाही आणि तो मला बोलला नाही, पण त्या दिवसापासून आम्ही दोघं त्या मोटरकडे परीक्षेला बसलेल्या पोरांसारखे बघायला लागलो.

ऑक्टोबर सरत आला. काठावरच्या होड्या एकेक करून पालथ्या पडल्या. आमची पाण्यातच.

"मोटर कधी काढतोस?" मी विचारायची.

"अजून एखादी फेरी मारीन म्हणतो. मासा आत्ताच कुठे वर यायला लागलाय."

मासा कुठेही यायला लागला नव्हता. याची पाठ वाकत नव्हती, एवढंच. पण मोटरची सेवा काय वर्णावी. गारठ्यात मोटरचा पाय, म्हणजे पंख्याकडचा खालचा भाग, पाण्यात खालीच सोडायचा, कारण पाण्याखाली गोठत नाही, हे याचं तत्त्व. रोज सकाळी उठून वल्ह्याने भोवतालचा बर्फाचा पापुद्रा फोडायचा, दोरी ओढून जरा वेळ चालवायची, आणि मग तिच्या टोपावर हात ठेवून उभा राहायचा. पोराचा ताप बघावा तसा. आमच्या पाइवीला गोवर आला होता तेव्हा हा गृहस्थ जंगलात लाकूड मोजत होता.

समोर काउकोचीही पाण्यातच होती. तो विधुर, ताइस्तोहून दोन पावसाळे मोठा आणि तत्त्वाने नेमका उलटा. मोटर वर तिरकी करून ठेवायची, म्हणजे बर्फ तिला धरणार नाही, असं त्याचं मत. एकदा गावच्या दुकानात दोघांची गाठ पडली. आमच्या भागातली माणसं सरळ हो म्हणत नाहीत आणि सरळ नाही म्हणत नाहीत, त्यामुळे भांडण ऐकायला कान तयार लागतो.

"तुझी वर दिसते," ताइस्तो म्हणाला.

"वर की खाली, ते बघणाऱ्यावर असतं."

"पाणी साठतं आत. तिरकी ठेवली की."

"साठायचं तर साठतं."

"गोठलं तर फुटेल."

"फुटायचं ते फुटतं," काउको म्हणाला. "नाही फुटायचं ते नाही फुटत."

दोघांनी मोटरच्या तेलाचा एकेक डबा घेतला आणि घरी गेले. आमच्याकडे याला कडाक्याचं भांडण म्हणतात.

मग एका धुक्याच्या सकाळी विल्होचा फोन आला. विल्हो टोकावरच्या घरात राहतो, ऐंशीच्या पुढचा. तरुणपणी नदीतून ओंडके वाहून न्यायचं काम केलेला माणूस. पक्षी बघायला म्हणून दुर्बीण घेतली त्याने. पक्षी कधीच दक्षिणेला गेले होते, दुर्बीण डोळ्यालाच होती. आधी हवामान झालं, मग बटाटे झाले, आणि मग तो म्हणाला, "काउकोकडे पाहुणे आलेले दिसतात."

"असतील."

"एकच आहे."

"असेल."

"बाईमाणूस वाटतं."

मी फोन घेऊन खिडकीशी गेले. काउकोच्या होडीत, मागच्या टोकाला, खरंच कोणीतरी बसलं होतं. तपकिरी कोट, वर केलेली कॉलर, डोक्याला लाल लोकरी टोपी. जराशी पुढे झुकून पाण्याकडे बघत बसली होती बिचारी. दुपारी बघितलं, तिथेच. दिवस मावळताना बघितलं, तिथेच.

"इतक्या थंडीत ती बाहेर का बसलीय?" मी ताइस्तोला म्हटलं.

"आवडत असेल तिला."

"काउको तिच्याशी बोलतही नाही."

"म्हणूनच आवडत असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. काउको वाफाळती किटली घेऊन धक्क्यावर आला, तिच्यापाशी वाकला, आणि कोमट पाणी हळूहळू तिच्या पायांशी ओतायला लागला. मग आत गेला, दुसरी किटली घेऊन आला. मी हातातलं काम टाकून बघत राहिले, खोटं कशाला सांगू. आमच्या साऱ्या संसारात ताइस्तोने माझे पाय एकदाही शेकले नव्हते. हे मी त्याला तिथल्या तिथे ऐकवलं. तो म्हणाला, "तू कधी म्हणालीच नाहीस, पाय गार आहेत म्हणून." ज्या माणसाने जन्मात कोणाला काही म्हटलं नाही, तो मला हे सांगत होता.

आठवडाभरात सगळ्या गावाला कळलं, आणि आमचं गाव म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांचं. एकानेही काउकोला विचारलं नाही. पण दुकानातल्या बाईने त्याला रोजच्या कॉफीऐवजी चांगल्यातली कॉफी दिली आणि पैसे रोजच्या कॉफीचे लावले. कोणी त्याच्या दाराला भाजलेल्या माशांची पिशवी अडकवून गेलं. रस्त्यावरून सहज जाणारी माणसं एकाएकी वाढली, आणि सगळी केस विंचरून जायला लागली. काउकोला काही उमगेना. त्याला वाटलं, आपल्याला काही गंभीर आजार झालाय आणि डॉक्टरने आपल्याला सोडून सगळ्यांना सांगितलंय.

शेवटी मी वेलदोड्याचा गोड पाव भाजला, फडक्यात बांधला आणि तळ्याला वळसा घालून सहज निघाले.

काउको धक्क्यावरच होता. "चालायला बरा दिवस आहे," तो म्हणाला.

"बरा आहे. पाहुणी आलीय असं ऐकलं, म्हटलं पाव घेऊन जावं."

"कोण पाहुणी?"

मी होडीकडे बघितलं. जवळून तिला तोंड नव्हतं. सिरक्काचा कोट होता, काउकोच्या मेलेल्या बायकोचा, चांगला जाड लोकरीचा, रविवारी चर्चला घालायची तो. कोटाखाली मोटर होती. वर सिरक्काचीच टोपी. पाय शेकणं चाललं होतं ते असं: तिरकी ठेवल्यामुळे पाणी आत अडकून गोठलं होतं, दोरी ओढता येईना, आणि जोर करून ओढावी तर आतल्या पंपाचं रबर तुटायचं. म्हणून किटल्या.

मला हसू फुटलं. फुटलं ते फुटलं, आवरेचना. काउको शांतपणे उभा राहिला आणि म्हणाला, "कोट कपाटात नुसताच पडून होता." मग माझं हसू आपोआप थांबलं.

"काढून आत का नाही ठेवलीस रे?" मी विचारलं.

"अजून एखादी फेरी मारीन म्हणतो."

अगदी तेच शब्द. मी त्याच्या हातांकडे बघितलं. पाव धरताना बोटं पुरती मिटत नव्हती, दोन्ही तळव्यांत धरून खात होता तो, लहान मूल खातं तसा. मोटरचे स्क्रू त्या बोटांनी ढिले होणार नव्हते, मग उचलणं तर दूरच. त्याची पाठ शाबूत होती, बोटं गेली होती. आणि आमच्या घरी बोटं शाबूत होती, पाठ गेली होती. दोन म्हाताऱ्यांत मिळून एक धड माणूस नक्की निघाला असता. पण मधे पाणी होतं, आणि पाण्याहून मोठा तोरा.

म्हणून मी जरा लबाडी केली. निघताना काउकोला म्हटलं, "ताइस्तोच्या पाठीचं काही खरं नाही. तू सहज तिकडून गेलास तर बरं होईल." घरी येऊन ताइस्तोला सांगितलं, "काउकोची बोटं चालत नाहीत. सहज तिकडून गेलास तर बरं." आणि ती बाई म्हणजे कोण तेही सांगितलं. तो म्हणाला, "तिरकी ठेवली की असंच होतं."

दुसऱ्या सकाळी ताइस्तोने दाढी केली आणि होडी सोडली. मी खिडकीशी उभी. त्याच वेळी समोरूनही होडी सुटली, मोटरच्या अंगावर कोट नव्हता. मला वाटलं, झालं, गंगेत घोडं न्हालं. तळ्याच्या मधोमध दोघं एकमेकांसमोर आले, मोटरी हळू झाल्या, होड्या शेजारीशेजारी डुलल्या. विल्हो फोनवर होताच. "बोलतायत," तो म्हणाला. मग म्हणाला, "गप्प झाले." मग दोन्ही होड्या वळल्या आणि आपापल्या घरी आल्या.

"काय झालं?" मी धक्क्यावरच गाठलं त्याला.

"कुठे निघालास, असं विचारलं त्याने."

"मग?"

"म्हटलं, सहज. मग मी विचारलं, तू कुठे निघालास? तर तो म्हणाला, सहज."

"मग?"

"मग काय. दोघंही सहज परत आलो."

मी त्या दिवशी जेवण वाढलं नाही. पातेलं टेबलावर आदळलं आणि म्हटलं, घे, सहज.

आणि थंडी पडली. खरी थंडी, नाकातले केस ताठ होतील अशी. पाइवी यायच्या आदल्या दिवशी सकाळी काठाला चांगला खिडकीच्या काचेएवढा जाड बर्फ धरला होता. मधलं पाणी अजून काळं आणि मोकळं होतं, पण तेही फार दिवसांचं नव्हतं. मी बाहेर आले तेव्हा ताइस्तो होडीत गुडघ्यांवर होता. मोटरचे स्क्रू त्याने ढिले केले होते आणि तिला मिठी मारली होती. उचलत नव्हता. नुसता मिठी मारून, गाल टोपाला टेकवून बसला होता. मला बघून म्हणाला, "जरा दम घेतोय." त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी याच्याबरोबर इतकी वर्षं काढली, पण तो घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता. त्या क्षणी मला घरही सुचलं नाही आणि फ्लॅटही नाही. मला त्या माणसाचा राग आला आणि त्याच्याबद्दल तितकीच माया वाटली, दोन्ही एकदमच.

"काउकोला बोलाव," मी म्हटलं.

"तो कॉफी पीत असेल."

मी धक्क्याच्या टोकाला गेले, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि माझ्या माहेरच्या आवाजात ओरडले, "काउको, इकडे ये. मोटर उचलायची आहे. आमच्याच्याने होत नाही."

गारठ्यात पाण्यावरून आवाज कसा जातो ते इथल्या माणसाला सांगायला नको. पलीकडच्या डोंगराने शेवटचे शब्द परत पाठवले, होत नाही, होत नाही. एक सुतारपक्षी टोचत होता तो थांबला. टोकावर विल्होची खिडकी उघडली.

"हेलेवी," ताइस्तो होडीतून कुजबुजला, "लोक ऐकतील."

"म्हणूनच ओरडले."

थोडा वेळ काहीच झालं नाही. तो वेळ मला फार लांब वाटला. मग समोरून दोरी ओढल्याचा आवाज आला, पुन्हा आला, आणि मोटर लागली. काठाचा बर्फ राय धान्याची कडक भाकरी मोडावी तसा मोडत काउको निघाला. घाईत स्वतःचा कोट शोधायला वेळ नसणार, कारण आला तो सिरक्काचा कोट आणि लाल टोपी घालूनच. होडी लागली, तो उतरला. मी वाट बघत होते की आता म्हणेल, सहज चाललो होतो. पण तो म्हणाला, "हाक ऐकली."

मग आम्ही तिघांनी ती उचलली. काउको पाठीच्या बाजूने, ताइस्तो बोटांच्या बाजूने, मी पायाशी. आडवी करू नका, उभीच धरा, आतलं पाणी खाली गळू द्या, असं दोघंही एकमेकांना सांगत होते, जणू दुसऱ्याला ठाऊक नाही. चार पावलं, थांबा. चार पावलं, थांबा. सौनाच्या पुढच्या खोलीत घोडीवर तिला उभी टांगली तेव्हा तिघांनाही खाली बसावं लागलं. नंतर तसंच जाऊन काउकोचीही आणली, कारण त्याच्या होडीबरोबर ती आलीच होती. पेट्रोल जाळून संपवलं, नळकांड्यात तेल फवारलं, दोघींच्या पायातलं जुनं तेल काढलं. आमचं काळं निघालं. काउकोचं दुधाळ, म्हणजे पाणी आत शिरलेलं.

ताइस्तो त्या डब्याकडे बघत राहिला. "मी काही म्हणत नाही," तो म्हणाला.

"नको म्हणूस," काउको म्हणाला.

पाइवी आणि जावई दुसऱ्या दिवशी दुपारी आले. पाइवीने बूटही काढले नाहीत, थेट सौनाकडे गेली आणि घरात आली ती कपाळाला आठ्या घालून.

"दोन आहेत."

"एक काउकोची," मी म्हटलं.

"बाबा, तू उचललीस?"

मला वाटलं, आता हा हो म्हणेल. एक शब्द, आणि घर वाचलं. मी टेबलाखाली बोटं आवळून धरली. ताइस्तोने कॉफी ढवळली. तो साखर घेत नाही.

"माझ्याच्याने होत नव्हती," तो म्हणाला. "तुझ्या आईने काउकोला हाक मारली."

पाइवी उभी होती ती खुर्चीत बसली. "हाक मारली? म्हणजे फोन केला?"

"हाक मारली. धक्क्यावरून. साऱ्या तळ्याने ऐकली."

"आणि तो आला?"

"आला की. सिरक्काचा कोट घालून."

पाइवीने तोंडावर हात धरला. ती हसतेय असं मला वाटलं, पण तिचे डोळे भरले होते. "बाबा, मला त्या मोटरची कधीच भीती नव्हती रे," ती म्हणाली. "गेल्या वर्षी तू तिथे पडला होतास आणि काउको समोर होता. मला रात्री झोप लागायची नाही ती त्याने."

ताइस्तोने पावाचं ताट तिच्याकडे सरकवलं.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. लांबून, चिरका, मधेच फाटणारा, कधी न वापरलेला असावा तसा. पुन्हा आला. टोकावरून विल्हो ओरडत होता, "ताइस्तो, मोकळा असलास तर ये. होडी ओढायची आहे. माझ्याच्याने होत नाही."

ऐंशी वर्षांत त्या माणसाने कोणाकडे काडीपेटी मागितली नव्हती.

ताइस्तो कॉफी अर्धी टाकून उठला. टोपी, हातमोजे, बूट. लग्नाच्या दिवशीसुद्धा त्याने इतकी घाई केली नव्हती. जावईही उठला, चांगला दणकट गडी, पण ताइस्तोने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. "तू बस. तुला नाही बोलावलं." दारातून बाहेर पडल्यावर त्याने जरा कमरेला हात लावला, मग कोणी बघतंय का ते बघून काढून घेतला, आणि रस्त्याने चालायला लागला. पुढच्या वळणावर काउको उभाच होता.

पाइवी खिडकीशी जाऊन ते दोघं झाडांआड होईपर्यंत बघत राहिली.

"लिफ्ट आहे ना गं त्या फ्लॅटला?" मी विचारलं. विचारून टाकलेलं बरं.

"लिफ्ट आहे," ती म्हणाली. मग वळली, किटली उचलली आणि माझा कप भरला. "पण तिथे त्याला हाक कोण मारणार?"